उंच बाजू माझी

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या मामांनी, आयुष्यात एकही लाकडी वस्तू दुकानातून आणली नाही आणि घरी केलेली एकही धड सरळ उभी राहिली नाही. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी पाहुणा खुर्चीत टेकतोय तोच मामा बजावत, "भार जरा डावीकडे ठेवा, उजवीकडून ती रुसते." देव्हारा त्यांच्याच हातचा, टाळ्यांच्या धक्क्याने बाळकृष्ण पुढे पुढे सरकत यायचा, म्हणून मामी एक हात खाली धरूनच आरती म्हणत. टेपने माप घेतात ते कापडवाले, सुतारकाम माणसाच्या मापाने करायचं, असं मामांचं मत. जेवायचं टेबल करताना त्यांनी जेवणाऱ्या मामींच्या कोपराशी खूण केली. मामी तेव्हा पाटावर बसल्या होत्या, एवढं मात्र विसरले. टेबल झालं चौरंगाएवढं. पुढे सत्यनारायणाला उपयोगी पडलं.

गावाबाहेरच्या समा भागात आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, अक्कल मात्र अजून अलीकडेच घोटाळत होती. घरात नुकतीच केबल आलेली. मालिकांतल्या बायका गुबगुबीत हेडबोर्डला टेकून रडत, आणि मला वाटे, रडावं तर असं! त्यात समोरच्या गुजराती बेननी आरसे लावलेला हेडबोर्ड आणला. आमच्या पलंगामागे काय, तर ह्यांच्या तेलकट डोक्याचा भिंतीवर उमटलेला गोल डाग. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. बायका येणार, घर बघणार, डाग बघणार!

"दुकानातूनच आणू या," मी ह्यांना म्हटलं. ते मामांच्या कानावर गेलं.

"दुकानातून? आणि मी काय इथे भजी तळतोय?" म्हणत मामा कानावर पेन्सिल खोचून हजर. आम्हा दोघांना त्यांनी पलंगावर शेजारी शेजारी बसवलं. "हं, टेका आता."

हे टेकले ते अर्धे गादीत गेले. मी मात्र फोटोला बसल्यासारखी ताठ, वर अंबाड्यात गंगावन खुपसून उंची वाढवलेली.

"सूनबाई, रोज अशीच बसतेस?"

"अशीच बसते!"

मामांनी भिंतीवर दोन खुणा केल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी हेडबोर्ड रिक्षातून आला. खोक्याच्या फळ्या, आत कापूस, वर चॉकलेटी रेक्झीन. आणि दोन कमानी! ह्यांच्या बाजूची बेताची, माझी तिच्याहून चांगली वीतभर उंच. ह्या घरात कोणाचं चालतं, ते आता कुणाला विचारायला नको.

"मामा, आज नका ना लावू. बायका यायच्यात."

"का? माप चुकलं?"

चुकलं म्हणावं तर गंगावनाचं कबूल करावं लागणार. मीच हातोडी आणून दिली. हे तोंडाला रुमाल लावून गॅलरीत पळाले.

दुपारी हेडबोर्डवर चादर टाकावी म्हणून गेले, तर मामा लग्नातला कोट घालून खोलीच्या दारात उभे. बायकांची दाद घ्यायला! चादर हातातच राहिली. तेवढ्यात समोरच्या बेन आत शिरल्या. "अरे बेन, आ तो राणीनुं सिंहासन छे!" बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मामांना ते सगळं कौतुकच वाटलं. किंचित वाकून म्हणाले, "माप सूनबाईंचंच आहे हो."

आता मामा नाहीत, हेही नाहीत. रेक्झीन भेगाळलंय. माझ्या कमानीखाली बसले, तर गणपतीपुढच्या उंदरासारखी दिसते. नात म्हणते, "आजी, काढून टाकू या ना हे ध्यान!" मी म्हणते, असू दे गं.

हल्ली दुपारी मी ह्यांच्या बाजूला सरकून बसते. गंगावन कधीच गेलं, मानही वाकली. टेकलं की डोकं ह्यांच्या कमानीत, रेक्झीनवर उमटलेल्या त्यांच्या तेलाच्या डागावर बरोब्बर येतं. मामांच्या हातची एक तरी वस्तू कुणाला नेमकी बसली, हे त्यांना सांगायला हवं होतं.