निपाणीतला गुरुवारचा रोजा

कोल्हापूरहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघाले. सामान असे: दोन डझन पाट्या, पेन्सिलींची पुडी, उर्दू-मराठी अंकलिप्या आणि निपाणीत करायच्या चार कामांची यादी. कागल मागे पडले, दूधगंगा ओलांडली आणि कोगनोळीला चाक पंक्चर झाले. पाऊण तास तिथेच गेला.

झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझे पोते पाहिले.

"एवढ्या पाट्या? दुकान घालताय व्हय, बाई?"

"निपाणीत मुसलमान मुलींची शाळा काढायची आहे."

"आनि तुम्ही?"

"मीही मुसलमानच."

त्याने माझ्या बिनबुरख्याच्या तोंडाकडे पाहिले. "लई सुधारलासा की."

निपाणी दिसण्याआधी वास येतो. वखारींमधल्या तंबाखूने घसा खवखवत होता. यजमान तंबाखूचे व्यापारी. आत त्यांच्या पत्नी आणि मोहल्ल्यातल्या पाच प्रतिष्ठित बायका वाट पाहत होत्या. त्यांच्याबरोबर चहा आणि नानकटाई झाली.

दुपारपर्यंत तीन कामे उरकली. जागा पाहिली, वेळ ठरवली, शिक्षिका निवडली. हुसेनबी ही पिंजाऱ्याची (कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्याची) विधवा मुलगी, सातवी पास. तिची दोन्ही लिप्यांतली अक्षरे माझ्यापेक्षा चांगली होती. पुरुष मंडळींनी होकार दिला. यजमान एवढेच म्हणाले, "बाई, ती कुणाची कोण, याचा बोभाटा नको. काम होऊन जाईल."

मला तो भित्रेपणा वाटला. चौथे काम माझ्या खास आवडीचे होते. इस्लाममध्ये उच्चनीच नाही यावर बोलायचे आणि मग सगळ्या बायकांनी हुसेनबीसह एकाच परातीत जेवायचे.

बोलले, आणि चांगले बोलले. नमाजाला एका रांगेत उभे राहतो, मग चुलीपाशी ती रांग का मोडते, असे विचारले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुलावाची परात आली. हुसेनबी हात धुऊन बसली. दुसरा हात पुढे येईना.

"माझा आज रोजा आहे," यजमानीणबाई म्हणाल्या.

रमजान नव्हता. पण गुरुवारचा नफिल रोजा (ऐच्छिक उपवास) पुष्कळ लोक धरतात.

"माझाबी," शेजारची म्हणाली. एकेक करत साही जणींचा रोजा निघाला. सकाळची नानकटाई कुणाला आठवली नाही. आम्ही बसलो होतो त्या गाद्या हुसेनबीच्या बापाने भरलेल्या होत्या.

"एकाच घरात एवढं पुण्य," हुसेनबी म्हणाली, "मावंल का?"

कुणी हसले नाही. आम्ही दोघीच जेवलो.

तिसऱ्या प्रहरी यजमानांनी पाट्या परत पोत्यात भरून दिल्या. "पुरुषांना मी सांभाळलं असतं. आता बायकांनी तोंडावर नाही म्हटलंय. त्या आपल्या मुलींना पाठवायच्या नाहीत."

मोटारीपर्यंत हुसेनबी सोबत आली.

"मी पुन्हा येईन. त्यांना समजावीन," मी म्हटले.

"नको, आपा." तिचा आवाज शांत होता. "दोन वर्षं सात पोरी माझ्या घरी येत्यात. दुलई शिवायला म्हणून येत्यात आनि वाचायला शिकत्यात. त्यात यजमानीणबाईंची धाकटी हाय. आयांना समदं ठाव होतं. कुनी इचारत न्हवतं, म्हणून चाललं होतं. आज तुम्ही चारचौघींत इचारलासा."

"मग आता?"

"उद्या कोन येतंय?"

मोटार सुटली. त्या सहा जणींना क्षमा करायची माझी आजही तयारी नाही. पण त्यांनी दोन वर्षे डोळे झाकून जे चालू दिले, ते मी एका जेवणात मोडले. हुसेनबीला शाळा हवी होती. परात मला हवी होती.

घरी पोचल्यावर बहिणीने विचारले, "शाळा निघाली का?"

"नाही," मी म्हटले. "एक होती, ती बंद करून आले."