दुसरा कार्बोरेटर

दिवाळी झाली की आम्ही बहीणभाऊ गाडी खोलायला घ्यायचो. गाडी म्हणजे दोन माणसांपुरती, छत नसलेली जुनी इंग्रजी स्पोर्ट्‌स कार. वडिलांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना वयामुळं ती झेपेना, म्हणून त्यांनी ती आमच्या वर्कशॉपात आणून सोडली. पोरं शिकतील तरी, म्हणाले. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. गुऱ्हाळं सुरू झाली की शेतकऱ्यांची इंजिनं कामाला लागत आणि अगदी बंद पडल्याशिवाय कुणी ती आमच्याकडं आणत नसे. आणि गाडीलाही तेव्हा काम नसे. हौशी लोकांची शर्यत असायची ती उन्हाळ्यात, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर. त्यामुळं थंडीचे तीन महिने गाडी आमची.

आमच्या जैनांच्या घरात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, थोरल्या बहिणीला अक्का. तम्मा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, डिप्लोमा करत होता. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दुपारचा डबा घेऊन वर्कशॉपात जायचे आणि संध्याकाळपर्यंत परतायचेच नाही. वडिलांनी कधी हाकललं नाही. पदर नीट खोचून घे, मशीनच्या पट्ट्यात जाईल, एवढंच ते सांगत.

पहिल्या थंडीत आम्ही व्हॉल्व्ह घासले. काडीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ताक घुसळल्यासारखी दोन तळहातांत फिरवत बसायची. दुसऱ्या थंडीत हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून पातळ केलं, म्हणजे इंजिनाचा दम वाढतो. तम्माचं डोकं हिशेबात चाले, पण कान माझा. इंजिन सुरू केलं की कुठं काय खटकतंय ते मला डोळे मिटून कळे. हे कसं ते मला तेव्हाही सांगता येत नसे. घरात आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजावरून ती रागावलीय की नाही हे कळायचं, तसंच काहीसं.

गाडी चालवायला मात्र मला वर्कशॉपच्या आवारातच मिळे. पहिला गिअर टाकून दारापर्यंत, रिव्हर्स टाकून भिंतीपर्यंत. रस्त्यावर मी ती कधी नेली नाही. नेऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळं जुळून आलं की नेऊ, असं माझंच चाललं होतं.

तिसऱ्या थंडीत तम्माच्या डोक्यात आलं की गाडीला एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवायचे, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त मिळेल. त्यासाठी हवा आत नेणारा नवा पाइप ओतून घ्यायला लागणार होता. शेजारच्या फाउंड्रीत, ज्यावरून वाळूत साचा पाडतात ते लाकडी पॅटर्न करणारे एक मुसलमान मिस्त्री होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला पॅटर्न करायला शिकवलं. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकूड तेवढं मोठं ठेवायचं, आणि साच्यातून अलगद निघावं म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. मी सागवानात तो पाइप कोरला. दीड महिना लागला. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ठीक आहे म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त मी कुणाबद्दलच ऐकलं नव्हतं.

पण दुसरा कार्बोरेटर काही मिळेना. मुंबई, पुणे, बेळगाव, सगळीकडं तम्मानं पत्रं टाकली. आणि तो मिळायच्या आत माझं लग्न ठरलं.

मालक वारणानगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. माणूस शांत, सासूबाई तोंडानं फटकळ पण मनात काही न ठेवणाऱ्या. मला तिथं कसलाही त्रास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वैशाखात लग्न झालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी धावपट्टीवर शर्यत झाली, तीत तम्मा एकाच कार्बोरेटरवर उतरला. नव्या नवरीनं शर्यत बघायला माहेरी जायचं कसं, म्हणून मी विषयच काढला नाही.

मग थंडी आली. माहेरी थंडी म्हणजे मोकळा काळ, इथं उलटं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, उसाच्या गाड्यांची रांग लागली, मालकांच्या पाळ्या बदलत राहिल्या. कॉलनीभर मळीचा वास. माझ्या हातांना काम पुष्कळ होतं, पण त्यांना हवं असलेलं काम ते नव्हतं. पोळ्या लाटताना बोटं आपोआप स्टोव्हची किल्ली फिरवून ज्योतीचा आवाज सारखा करायला बघत.

तम्माची कार्डं यायची, कोपऱ्याला ग्रीसचा डाग असलेली. दुसरा कार्बोरेटर मिळाला. जुने पिस्टन वितळवून तुझ्या पॅटर्नवर पाइप ओतला, एका फटक्यात चांगला आला. गाडी हलकी करायला शेजारची सीट काढून टाकली. आणि मग एक कार्ड आलं की दोन्ही कार्बोरेटर जुळत नाहीत, इंजिन घुसमटतंय, काय करू. मी उत्तरात अमका स्क्रू अर्धा फेरा सोड, तमका आवळ, असं लिहिलं. त्याचं उत्तर यायला आठवडा, माझं जायला आठवडा. आवाज न ऐकता मी आंधळ्यासारखी सांगत होते. एकदा त्यानं लिहिलं, गाडी फडफड-फडफड-फट् करते. ते कार्ड मी दिवसातून कितीदा वाचलं असेल.

पौषात एका सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. लांबून, कोडोलीच्या अंगानं, आवाज आला. मी पीठ तसंच ठेवून बाहेर आले. गाडी वळणावर दिसायच्या आधी मला कळलं होतं की पुढचा कार्बोरेटर हवा जास्त ओढतोय.

तम्मा वाघबीळचा घाट उतरून आला होता. कानटोपी, मफलर, डोळ्यांत पाणी. खाली उतरून सासूबाईंच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "अक्का, माझ्यानं न्हाई जमत. तूच बघ."

कॉलनीतल्या बायका दारात आल्या होत्या. मी सासूबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "बगतीस काय? पावणा एवढ्या लांबनं आलाय. हात धू आन बग."

त्यानं आणलेली रबराची नळी मी घेतली. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना सूं आवाज येतो. पुढच्याचा ऐकायचा, मग मागच्याचा, आणि दोन्हींचा सूर एक होईस्तोवर स्क्रू फिरवत राहायचं. अर्धा तास लागला असेल. मग एका क्षणी कुठला पुढचा आणि कुठला मागचा हे मला कळेना. मी नळी काढली. इंजिन असं चाललं होतं की मडगार्डावर ठेवलेला हात धुवायचा पितळी तांब्या हलत नव्हता.

तम्मा गाडीला फेरी मारून पलीकडं गेला, डाव्या बाजूचं दार उघडून बसला आणि म्हणाला, "चल. कारखान्याच्या दारापातूर जाऊन येऊ. तू चालव."

तेव्हा मी बघितलं. ती सीट त्यानं काढून टाकली होती ना? ती परत बसवलेली होती. चारी बोल्ट नवे, चकचकीत. स्टिअरिंगसमोरची जागा रिकामी होती.

मी बायकांकडं बघितलं. माझ्या पातळाला पीठ लागलं होतं. मालक पाळीवरून यायची वेळ झाली होती. कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या, ओळखीची माणसं. मी म्हणाले, "फुडच्या खेपेला बघू."

त्यानं जोर केला नाही. जेवला, मालक आल्यावर त्यांच्याशी साखरेच्या उताऱ्याबद्दल बोलला आणि उन्हं कलायच्या आत निघाला. मी दारात उभी राहून ऐकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा गिअर पडला तेव्हा गाडी झाडांआड गेली होती. आवाज बराच वेळ येत राहिला आणि त्यात कुठंही खोट नव्हती.

त्या उन्हाळ्यात गाडी धावपट्टीवर दुसरी आली. नंतर वडील आजारी पडले, वर्कशॉप बंद झालं, तम्मा आखातात नोकरीला गेला. गाडी निपाणीकडच्या कुणाला तरी देऊन टाकली. मला कळलं तेव्हा ती गेली होती.

तीनेक वर्षांनी मी आणि सासूबाई अंगणात हरभरा सोलत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी तू गाडीत का गं न्हाई बसलीस? आमी काय नको म्हणलतो?"

मी म्हणाले, "न्हाई आत्ती, तुमी कुठं म्हणलता."

"मग? मला वाटलं, तू फिरून आलीस की मीबी बसंन एक फेरी."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. मी तोंड वळवून टरफलं गोळा केली.

तम्मा पहिल्या सुटीवर आला तेव्हा हे त्याला सांगितलं. माझं मन होतं, नुसती लाज वाटली, हेही सांगितलं. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "मला वाटलं, अक्काचं मनच उडालं त्यातनं. म्हणून परत आलो न्हाई. त्या साली अजून दोनदा निघालतो, वाघबीळापास्नं माघारी गेलतो."

दोनदा. त्या थंडीतल्या सगळ्या सकाळी मी आठवून बघितल्या. मी घरातच होते, ओट्यापाशी, खिडकी उघडी असायची. वाघबीळ तसं लांब नाही, पण एवढ्या लांबून आवाज येत नाही.