जावयांची फ्लॉपी आणि नानांची वही

श्री. भास्करराव देसले, म्हणजे आम्हा सर्वांचे नाना, यांची माझी पहिली भेट जळगावात त्यांच्या संगणक केंद्राच्या दारातच झाली, आणि ती काही फार गोड नव्हती. मी नोकरी मागायला गेले होते. हातात धुळ्याच्या क्लासमध्ये केलेल्या प्रोग्रॅमची फ्लॉपी होती. नानांनी आधी ती मागून घेतली, दाराजवळच्या जुन्या यंत्रात तपासली, वहीत टिक केली आणि मगच मला ‘बसा’ म्हणाले. मनात म्हटले, घ्या, माणसाआधी फ्लॉपीची विचारपूस!

त्या यंत्राला हार्डडिस्क नव्हती. व्हायरस आलाच तर त्याला मुक्कामाला जागा नाही. बाहेरची प्रत्येक फ्लॉपी आधी तिथे तपासायची, हा नियम. नाना त्याला ‘पाय धुणे’ म्हणत. ते मूळचे नरडाण्याकडच्या शेतकरी घरातले. पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी द्यायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. प्रोग्रॅमिंगमध्येही शिस्त तीच. फाइलमधली प्रत्येक नोंद सारख्या लांबीची आणि तिच्या सुरुवातीला ठरावीक चार अक्षरांची खूण. डिस्क एवढीशी, त्यात ही उधळपट्टी कशाला, म्हणून मी कुरकुर करी. नाना ऐकून घेत आणि खूण ठेवायला लावत.

त्या वेळी आमच्याकडे रक्तदात्यांची यादी होती. एका संस्थेने गावोगाव फिरून गोळा केलेली नावे, पत्ते, रक्तगट. दवाखान्यातून फोन आला की आम्ही जवळचा दाता शोधून सांगायचो. माहिती संगणकात भरली की अर्ज रद्दीत, हे आमचे तेव्हाचे शहाणपण.

धोंड्याच्या महिन्यात नानांचे नवे जावई पुण्याहून आले. अनारसे खाऊन केंद्रावर आले आणि एक नवा प्रोग्रॅम दाखवतो म्हणून खिशातून फ्लॉपी काढली. आता जावयांना ‘थांबा, तुमची फ्लॉपी तपासते’ म्हणायचे कसे? खानदेशातल्या बाईला हे जमायचे नाही. मी फ्लॉपी थेट मुख्य यंत्रात घातली आणि वहीत खुशाल टिक केली. ती आत असतानाच यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. व्हायरस शिरायला तेवढे पुरले.

काही आठवड्यांनी एका सकाळी डिस्क रिकामी दिसली. नकलेच्या फ्लॉप्या काढल्या, तर त्या जळगावच्या उन्हाने वाकलेल्या. त्यातच फोन आला. मुक्ताईनगरच्या एका बाळंतिणीला निगेटिव्ह गटाचे रक्त हवे होते. नानांनी आठवून दोन नावे सांगितली, त्यातला एक दाता घरी सापडला. त्या दिवशी निभावले. पण पुढच्या फोनला काय सांगायचे?

नानांनी चार दिवस बसून एक प्रोग्रॅम लिहिला. फाइलचे नाव-गाव न विचारता तो डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जाई. चार अक्षरांची खूण दिसली की तिथून ठरलेल्या लांबीची नोंद उचली. माझ्या मते जी उधळपट्टी होती, तिनेच यादी परत आणली. फक्त सुरुवातीच्या, फैजपूरकडच्या नोंदी कायमच्या पुसल्या गेल्या होत्या. संस्थेच्या लोकांना नानांनी चूक आपली असल्याचे सांगितले. मी शेजारीच उभी होते आणि गप्प होते.

मग आम्ही दोघे एसटीने फैजपूरला गेलो आणि दारोदार नावे, रक्तगट पुन्हा लिहून घेतले. एका घरी वयस्कर बाई चांगल्याच तडकल्या, एकदा दिले ते सांभाळता येत नाही का म्हणाल्या. नानांनी हात जोडून चूक स्वतःवर घेतली. ‘अक्का, चूक मनी शे.’

परतताना बसमध्ये मला राहवले नाही. वहीतली टिक खोटी आहे, हे मी सांगून टाकले.

‘ठाऊक आहे, कुमुदताई,’ नाना म्हणाले. ‘त्या दिवशी दाराजवळचं यंत्र दुरुस्तीला धुळ्याला गेलं होतं.’

टिक करताना मी दाराकडे पाहिलेही नव्हते! मग बोलला का नाहीत, असे विचारले. म्हणाले, ‘व्हायरस मला शोधता येतो. हे तुम्हीच सांगायला हवं होतं.’ पुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि दुसऱ्याच दिवसापासून ती वही माझ्या ताब्यात दिली. मला फार रडू आले होते, हेही लिहून टाकते.

नाना साठ वर्षांचे झाले. त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. आमच्या वहीतल्या टिका बघायला ते हवेत. त्यांच्या साठीनिमित्तच्या गौरव अंकासाठी हा लेख फ्लॉपीवर घेऊन मी गौरव समितीकडे गेले, तेव्हा तिथले गृहस्थ ती सरळ यंत्रात घालू लागले. मी हात धरला. ते म्हणाले, ‘असू द्या ताई, तुमचीच तर आहे.’

मी म्हटले, ‘माझी आहे, म्हणूनच आधी तपासा.’