वळचणीचे दगड

भोरहून वरंध घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सगुणाबाईचं घर होतं, आणि त्या घरात ताट समोर येण्याआधी दार बघावं लागायचं. घाट चढून भुकेनं कासावीस झालेला वाटसरू असो की सकाळची एसटी गाठायला मुक्कामाला आलेलं बिऱ्हाड असो, बाई आधी त्याला उठवून पडवीतून अंगणात आणि अंगणातून पार खळ्यापर्यंत चालवत न्यायची. जमीन हलली तर इथवर यायचं, वळचणीखाली थांबायचं नाही आणि बोचक्यासाठी मागं फिरायचं नाही, एवढं सांगून झालं की मग भाकरी. पुण्याहून गड बघायला आलेली कॉलेजची पोरं तोंड दाबून हसायची. गावानं तर तिचं नावच 'दारवाली' पाडलं होतं. हसणाऱ्याचे दात दिसतात म्हणून ती सोडून द्यायची, पण खळं दाखवल्यावाचून कुणाला सोडायची नाही.

हे तिला लागलं ते सदुसष्ट सालच्या डिसेंबरात.

त्या भागात पावसाळी वारं असं सुटतं की कौलं पत्रावळीसारखी उडतात. म्हणून मृगाआधी घरोघर वळचणीच्या कौलांवर नारळाएवढे दगड मांडतात. दसऱ्याला ते उतरवायचे, हा जुना शिरस्ता. पण पुढच्या साली पुन्हा चढवायचेच आहेत तर उतरवा कशाला, असा शहाणपणा सगळ्या गावानं केला होता, आणि त्यात सगुणाबाईचा नवरा गेनू सगळ्यांत शहाणा. त्याच्या घरावरचे दगड चार वर्षं हलले नव्हते. त्यांच्यावर शेवाळ धरून वाळलं होतं.

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे पडवीत एकच वाटसरू होता, भोरचा चिमाजी कासार. वर्षातून दोनदा तो बांगड्यांचं ओझं घेऊन घाटाखालच्या गावांना जायचा. बांगडी भरताना बाईमाणसाचा हात असा जपून दाबायचा की काच कुणाला टोचत नसे. जमीन हलली, उतरंडीची मडकी घरंगळली, आणि सगुणाबाई आतून ओरडली, "चिमाजीदादा, भाईर पळा!"

तिच्या शब्दासरशी तो पळाला. वळचणीखाली पोचला आणि वरून दगड आला. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात वर केला होता. त्या हाताचा पंजा ठेचला गेला.

घराची एक भिंतसुद्धा पडली नव्हती. तो पडवीत घोंगडीखाली पडून राहिला असता तर त्याच्या केसालाही धक्का लागला नसता, हे सगुणाबाईला दिवस उजाडल्यावर कळलं आणि मग ते तिच्या मनातून गेलंच नाही. पुढं एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं की हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत. बाई पायलीभर आंबेमोहर घेऊन भोरला गेली. चिमाजीच्या बायकोनं तांदूळ घेतले, पाणी दिलं. चिमाजी आतच होता, पण बाहेर आला नाही. ती उंबऱ्यावरून परत फिरली.

घरी आली आणि तिनं शिडी लावली. तेव्हापासून मृगाला दगड वर आणि दसऱ्याला खाली, एक साल चुकलं नाही. माळ्यावरची भाताची पोती खाली आली, दाराआडचा नांगर गोठ्यात गेला. गेनू कंबर धरून म्हणायचा की लोक संसार करतात, आमी दगड चढ-उतार करतो. म्हणायचा आणि शिडी धरायचा. एका साली दसऱ्यानंतर परतीचा पाऊस आला आणि पडवीवरची कौलं उडाली. शेजारची ठकुबाई मुद्दाम बघायला आली. सगुणाबाईनं तिला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी कौलं पुन्हा चढवली. अधूनमधून जमीन हलायची, भांडी वाजायची. वाटसरू खळ्यात येऊन उभे राहायचे, पण ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो काही येत नव्हता.

तो आला त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात. तिन्हीसांजेची एसटी थांबली, आधी चिमाजी उतरला, मागून डोक्यावर बांगड्यांची पेटी घेतलेली त्याची थोरली लेक अंबू. सगुणाबाई सवयीनं पुढं झाली खरी, पण खळं दाखवायचं सोडून पडवीच्या पायरीशीच थांबली.

चिमाजी अंगणातच थांबला होता. त्यानं मान वर करून वळचण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. नुसती कौलं होती.

"दगड कवा काढलं?" त्यानं विचारलं.

"तवाच," गेनू म्हणाला. "दर साली काडतीया. माजी कंबर इचारा."

"म्याच पळा म्हनलं व्हतं, दादा," सगुणाबाई कशीबशी बोलली.

पायताण काढून चिमाजी पुढं आला आणि दगड पडला होता बरोबर त्याच जागी, वळचणीखाली, भिंतीला टेकून बसला. न मिटणारा हात त्यानं मांडीवर ठेवला.

"वैनी," तो म्हणाला, "पोरीला खळं दावा. पुडल्या खेपंपासनं ती एकलीच येनार हाय, तुमच्याकडंच उतरंल."

सगुणाबाईनं अंबूच्या डोक्यावरची पेटी उतरवून घेतली, पदरानं डोळे पुसले आणि तिचा हात धरून ती खळ्याकडं निघाली.