थंडीचे चार टायर

नवऱ्याचं सिंगापूरच्या शिपयार्डमधलं कंत्राट वर्षअखेर संपणार आणि पुढे वाढणार नाही, हे अठ्ठ्याण्णव साली आम्हाला कळलं. कॅनडाचा अर्ज आधीच केला होता. फक्त मेडिकलचा निकाल यायचा होता. यांचा कॉलेजातला मित्र तिकडे होता, तो आपली जुनी गाडी आम्हाला देणार होता. फोनवर म्हणाला, "थंडीचे टायर वेगळे लागतात. आत्ता स्वस्तात मिळतायत, घेऊन ठेवतो. दोन की चार? खिळेवाले की साधे? कळव."

तिथल्या हौगांग भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पंखा दिवसभर चालू असूनही पाठ ओली व्हायची. हे रोज संध्याकाळी लायब्ररीत जाऊन टायरबद्दल वाचायचे. नेहमीचं रबर थंडीत कडक होतं, रस्ता धरत नाही, असं मला समजावून सांगायचे.

"दोनच घ्या ना," मी म्हटलं. "मागचे जुने चालतील."

"नाही चालणार. पुढची चाकं धरतील आणि मागून गाडी फिरेल. मागे मुलगी बसणार."

खिळेवाले बर्फावर बरे, पण गावातल्या उघड्या रस्त्यावर उपयोगाचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं. मित्राला फोन केला, "चार घे. बिनखिळ्यांचे." कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका ठाम ऐकला नव्हता.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. खाली लेटरबॉक्सपाशीच त्यांनी ते उभ्याने वाचलं आणि मला दिलं. यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, म्हणून अर्ज नामंजूर. पाय सुजायचे ते दिवसभर उभं राहून, असंच आम्ही समजत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "अपील कर."

"बघतो," हे म्हणाले. मेडिकलच्या दोन्ही डॉक्टरांनी तेच लिहिलं होतं. अपिलात लिहिणार काय?

डिसेंबरात आम्ही पुण्याला परतलो. शिपयार्डातलं काम आता शक्य नव्हतं, दुसरं मिळालं नाही. वर्षभरात आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मुलगी मराठी शाळेतून रडत यायची. "आय डोन्ट अंडरस्टँड एनिथिंग," म्हणायची. मी तिला हळू बोल म्हणायचे आणि यांच्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. आतून त्यांना सगळं ऐकू जायचं.