आडवा धक्का

आमच्या पडलेल्या घराच्या जागेवर गावच्या शाळेची नवी खोली बांधायची आहे. म्हणून तिथली माती तपासायला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली होती. तिथल्या दादांनी ती एका लहानशा पितळी पेटीत भरली. पेटीचे दोन भाग, एकावर एक बसवलेले. आधी त्यांनी वरून वजन ठेवलं. माती गप्प राहिली. मग एक भाग हळूहळू बाजूला ढकलला, तशी ती मधोमध फाटून सरकली.

"भूकंपात असंच होतं, ताई," दादा म्हणाले. "खालची जमीन हलते, वरची मागं राहते, मधल्या मातीची ओढाताण होते. वरचा भार ती पुष्कळ सोसते. आडवा धक्का नाही सोसत."

मला माझे वडील, अण्णा, आठवले. दोन हात जाडीच्या भिंती त्यांनी स्वतः दगडमातीत रचल्या होत्या. जाड भिंत म्हणजे भक्कम घर, असं आमच्याकडं सगळेच मानायचे. भूकंपात त्याच भिंतीखाली आई गेली. पुढं पत्र्याच्या खोलीत बसून अण्णा म्हणत राहायचे, "छताचा एवढा भार पेलत होती की गं भिंत!" वरून पडेल ते त्यांनीही मुकाट सोसलं होतं. हे मात्र बाजूनं आलं. आज मला त्यांना उत्तर देता आलं असतं, पण ऐकायला तेच नाहीत.

दादा पेटी खरवडत होते. "ही माती आता टाकून देऊ ना?"

मी पदर पुढं केला.