खिळ्यांच्या वहाणा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कुणी अनुभव सांगायला लागलं की मी विषय बदलते. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्या वडिलांचं आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झालेली. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांजवळच्या चाळीत राहायचो. माझे वडील, आप्पा, मूळचे मालवणकडचे. गिरणी गेल्यावर साकीनाक्याला चपलांच्या एका छोट्या कारखान्यात लागले. अख्ख्या चाळीला हसवणारा माणूस... पण आता दिवसाला चार शब्द बोलले तर पुष्कळ.

शाळेच्या गॅदरिंगला रोमन सैनिकांची नाटुकली बसत होती. इतिहासाचे सामंत सर म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील आठ जोड सँडल करून देतील का? पट्टे दिसले की झालं." मी आप्पांना एवढंच सांगितलं – लांबच्या देशातले, पूर्वीचे सैनिक. दाखवायला चित्रसुद्धा नव्हतं माझ्याकडे.

रविवारी दुपारी मी डबा घेऊन कारखान्यात गेले. आप्पा एका तळव्याला लोखंडी खिळे ठोकत बसले होते. गोल डोक्याचे, दाट.

"आप्पा, खिळे कशाला?"

"चिखलात पाय निसरूक नये," ते मान वर न करता म्हणाले. "दिवसभर चालूचां, पाठीर वझां. सांजेक पोचल्यार पयलो खंदक खणूचो, मगे जेवण."

"कुणी खणायचा?"

"आमी." त्यांनी एक खिळा ठोकला. "आठ जणांचो एक तंबू, चामड्याचो. दळूक आठांक एक जातां. एक जण आजारी पडलो तर तेचां वझां बाकीचे सात वाटून घेतत."

त्यातला एक जण फार बेसूर गायचा म्हणे. ते सांगताना आप्पा चक्क हसले. शेजारच्या खोलीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत होते. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. उलट वाटलं, यांनी थांबू नये.

"पंचवीस वरसां काढली की जमीन गावता," ते म्हणाले. "माका गावली नाय." आणि पुढचा खिळा उचलला.

सोमवारी सामंत सरांनी वहाण उलटी करून पाहिली, खिळ्यांवरून बोट फिरवलं. "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात बघितलं त्यांनी?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून एक जाडं इंग्रजी पुस्तक काढलं. खिळे, खंदक, आठांचा तंबू, जातं, पंचवीस वर्षांनंतरची जमीन... सगळं त्यात होतं. आप्पा गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं त्यांना.

घरी येऊन विचारलं, तर आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "मी असां बोललंय?" त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मग खिळे का ठोकले? "हात करत गेले गो."

गॅदरिंगला आठही मुलं दणादण पाय आपटत आली. स्टेजच्या फळ्यांवर इतके ओरखडे पडले, की मोठ्या बाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं. आप्पा तिसऱ्या रांगेत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "कायच नाय. बरां वाटलां."

त्या दिवसापासून ते घरात पुन्हा बोलायला लागले, ते शेवटपर्यंत. हे का झालं, कसं झालं – मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येणार नाही.